दहावीच्या तासांचे व्हिडिओ डोंगरभागातल्या मोबाइलवर न अडखळता कसे पोहोचवावेत?

फळा_खडू (प्रश्न)

नमस्कार. आम्ही पाच शिक्षक मिळून आजरा आणि चंदगड तालुक्यांतील दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित व विज्ञानाचे तास चित्रित करतो आणि संस्थेच्या एका साध्या अँड्रॉइड ॲपमधून ते विनामूल्य दाखवतो. प्रत्येक तास साधारण ४० मिनिटांचा असतो. कॅमेऱ्यातून आलेली १०८०पीची एमपी४ फाइल, जिचा बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारा डेटा) सुमारे ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट आहे, ती आम्ही भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जशीच्या तशी ठेवतो आणि ॲपमध्ये तिचा दुवा देतो. एका तासाची फाइल त्यामुळे जवळपास १.२ जीबीची होते.

मागच्या पंधरवड्यात मी एका विद्यार्थिनीच्या घरी जाऊन हे सगळे प्रत्यक्ष पाहिले. घरात रेंज नाही. गोठ्यामागच्या दगडी बांधावर बसले की दोन काड्या येतात, म्हणून ती तिथेच वही मांडीवर घेऊन बसते. मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा तास सुरू व्हायलाच ५२ सेकंद लागले आणि पहिल्या दहा मिनिटांत तो ११ वेळा थांबला. प्रत्येक वेळी चित्राबरोबर आवाजही बंद पडला. ती म्हणाली, "सर, तुम्ही समीकरण मांडता, आणि उत्तर येईस्तोवर आधीची ओळ विसरायला होतंय." घरात एकच फोन आहे आणि त्यावर दिवसाला १.५ जीबीचा पॅक आहे. एक तास जेमतेम पाहून झाला की दिवसाचा डेटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो, मग वडिलांना साधा निरोपही धड मिळत नाही.

सर्व तास यूट्यूबवर ठेवावेत असा सल्ला अनेकांनी दिला आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तास संपल्याबरोबर शेजारी दुसरे व्हिडिओ दिसू लागतात आणि मूल तिकडे वळते, ही पालकांची तक्रार आम्हाला रास्त वाटते. आम्ही एकदा सगळ्या फाइली ४८०पी आणि १ एमबीपीएसवर आणून पाहिल्या. त्यामुळे गडहिंग्लज शहरात अडखळणे थांबले, पण डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर फारसा फरक पडला नाही, आणि फळ्यावरचे अक्षर मात्र पुसट झाले.

मोठ्या सेवा हेच काम कसे करतात आणि त्यातले आमच्यासारख्यांच्या ऐपतीत काय बसेल, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रवाह_अभियंता

सर, नमस्कार. मी पुण्यात गेली नऊ वर्षे व्हिडिओ वितरणाचे काम करतो. आपण घड्याळ लावून मोजलेत, त्यामुळे दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी ओळखता येते. आपल्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत.

पहिला दोष त्या ५२ सेकंदांचा. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. कॅमेरा ती चित्रीकरण संपल्यावर लिहितो, म्हणून ती फाइलच्या अगदी शेवटी जाते. प्लेअरला ही अनुक्रमणिका वाचल्याशिवाय पहिले चित्रही दाखवता येत नसल्यामुळे तो आधी फाइलचा आरंभ मागतो, मग शेवट मागतो आणि मग पुन्हा आरंभाकडे वळतो. कमकुवत रेंजमध्ये ही प्रत्येक फेरी महागात पडते. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या विनामूल्य साधनात 'फास्टस्टार्ट' नावाचा पर्याय आहे. तो वापरला की चित्राला हात न लावता अनुक्रमणिका पुढे आणली जाते. हे काम आज संध्याकाळीच करता येईल.

दुसरा दोष मुळातला आहे. आपण प्रत्येकाला एकच बिटरेट देत आहात, आणि मोबाइलचा वेग मात्र दर क्षणाला बदलतो. टॉवरवर गर्दी झाली, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, एवढ्यानेही तो बदलतो. म्हणून आज जवळजवळ सर्व सेवा तासाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या बिटरेटवर तयार ठेवतात आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा हा निर्णय फोनमधल्या प्लेअरवर सोपवतात. ॲपलने २००९ मध्ये आयफोनसाठी आणलेली एचएलएस ही पद्धत याच तत्त्वावर चालते, आणि २०१२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेली एमपेग-डॅश हीसुद्धा. आपण एचएलएस घ्यावी, कारण ती अँड्रॉइडवर चालते आणि एखाद्या पालकाकडे आयफोन असला तर त्याच्या ब्राउझरमध्येही आपोआप चालते. दोन्ही पद्धती सांभाळण्याचा खटाटोप आपल्याला नको. हे तुकडे म्हणजे साध्या फाइलीच असतात, त्यामुळे वेगळा सर्व्हर किंवा महाग सॉफ्टवेअरही लागत नाही.

आता बिटरेटच्या पायऱ्या कशा ठरवाव्यात, हे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. ते वरून खाली येतात, म्हणजे आधी १०८०पी सुंदर करतात आणि उरलेल्या वेळात खालची पायरी कशीतरी बनवतात. आपण खालून वर जावे. आपली खरी प्रेक्षक त्या बांधावर बसलेली मुलगी आहे, आणि तिला जी पायरी मिळणार तीच आपली मुख्य आवृत्ती समजावी. माझ्या मते आपल्याला २४०पी १५० केबीपीएसवर, ३६०पी ३०० वर, ४८०पी ६०० वर आणि ७२०पी १२०० वर पुरेसे आहे. आवाज मोनो ठेवावा. बोलण्याला ३२ केबीपीएसचा एएसी (आवाज आवळून साठवण्याची नेहमीची पद्धत) व्यवस्थित पुरतो. या हिशेबाने २४०पीचा पूर्ण तास सुमारे ५५ एमबीत आणि ३६०पीचा सुमारे १०० एमबीत बसतो. चारही पायऱ्या मिळून ७२० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे आज आपण ठेवता त्या एका फाइलपेक्षा जागा कमीच लागेल. १०८०पी ठेवूच नये. पाच-सहा इंची पडद्यावर त्याचा विद्यार्थ्याला उपयोग नाही.

या चार पायऱ्यांखाली आणखी एक पायरी ठेवा असे मी आग्रहाने सांगेन, ती म्हणजे केवळ आवाजाची. दिवसाचा डेटा संपल्यावरच्या ६४ केबीपीएसमध्ये सहा सेकंदांचा २४०पीचा तुकडा उतरायला सुमारे १७ सेकंद लागतात, म्हणजे तास अडखळणारच. केवळ आवाजाचा तेवढाच तुकडा २४ केबीचा असतो आणि तो तीन सेकंदांत येतो. पूर्ण तासाचा आवाज ९.६ एमबीत मावतो. चित्र गेले तरी शिक्षकाचे बोलणे चालू राहिले तर विद्यार्थी वहीत पुढे जाऊ शकतो. बोलणे तुटले की तासच तुटतो.

तुकडे सहा सेकंदांचे करावेत आणि की-फ्रेम (मागच्या फ्रेमचा आधार न घेता पूर्ण साठवलेले चित्र) दर दोन सेकंदांनी, सर्व पायऱ्यांत अगदी त्याच क्षणाला पडेल असे पाहावे. त्यासाठी दृश्य बदलले की आपणहून की-फ्रेम टाकण्याची एन्कोडरची (व्हिडिओ आवळणाऱ्या सॉफ्टवेअरची) सवय बंद करावी लागते. हे जुळले नाही तर पायरी बदलताना चित्र उडी मारते किंवा तोच शब्द दोनदा ऐकू येतो. तुकडे जुन्या टीएस स्वरूपाऐवजी खंडित एमपी४ स्वरूपात ठेवावेत. एचएलएसमध्ये ही सोय २०१६ पासून आहे, आणि कमी बिटरेटवर टीएसच्या वेष्टनातच बराच डेटा वाया जातो. मुख्य यादीत, म्हणजे कोणत्या पायऱ्या आहेत ते प्लेअरला सांगणाऱ्या फाइलीत, ३६०पी किंवा २४०पीची पायरी सर्वांत वर लिहावी, कारण अनेक प्लेअर पहिल्या लिहिलेल्या पायरीपासूनच सुरुवात करतात, आणि तिथे ७२०पी असेल तर सुरुवातीलाच गोल फिरणारे चक्र दिसते.

नव्या कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या नव्या पद्धतीच्या, मोहात पडू नये. एव्ही१ हे २०१८ चे कोडेक कमी बिटरेटवर खरोखर चांगले आहे, पण जुन्या स्वस्त फोनमध्ये ते उलगडणारी चिप नसते. सगळे काम प्रोसेसरवर येते, फोन तापतो आणि बॅटरी उतरते. जिथे वीज दोन-दोन दिवस जाते तिथे बॅटरी हासुद्धा डेटाइतकाच मोजून वापरायचा जिन्नस आहे. २००३ पासूनचे एच.२६४ त्या फोनमध्येही चिपवर चालते. तेच वापरावे.

रात्रशाळा

अभियंता साहेबांनी लिहिलेले सर्व योग्य आहे, पण मला वाटते की निम्मा प्रश्न सर्व्हरवर जाण्याआधी, वर्गातच सोडवावा लागतो. मी स्वतः रात्रशाळेसाठी तीन वर्षे तास चित्रित केले आहेत आणि ४८०पीवर अक्षर पुसट होते हा अनुभव मलाही आला होता. मी तेव्हा बिटरेट वाढवत राहिलो. चूक फळ्यावर होती.

हिशेब करून पाहा. २४०पीच्या चित्राची उंची २४० ठिपके असते. फळ्यावर २० ओळी लिहिल्या तर एका ओळीच्या वाट्याला १२ ठिपके येतात. आपल्या लिपीत ओळीच्या वर मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार, आणि त्यात गणित असेल तर घातांकातला बारीक २. हे सगळे १२ ठिपक्यांत मावणे शक्यच नाही. आठच ओळी लिहिल्या तर प्रत्येकीला ३० ठिपके मिळतात आणि मग २४०पीवरही ऋण चिन्ह आणि दशांश चिन्ह ओळखू येते. म्हणून मी फळ्याचे दोन भाग केले, कॅमेरा एका वेळी एकाच भागावर भरून लावला, आणि शिक्षकांना ओळी मोजून लिहायला सांगितले. सुरुवातीला त्यांना ते जाचक वाटले. महिनाभरात सवय झाली.

दुसरे म्हणजे कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा. एन्कोडर मागच्या फ्रेमपेक्षा जे बदलले तेवढेच साठवतो. फळा जागचा हलला नाही तर त्यावर जवळजवळ काही खर्च होत नाही आणि सगळे बिट शिक्षकांच्या हाताला व नव्या अक्षराला मिळतात. अंधुक वर्गात मात्र कॅमेरा चित्रात बारीक दाणे पेरतो. हे दाणे दर फ्रेमला वेगळे असल्यामुळे एन्कोडरला संपूर्ण फळाच हलतो आहे असे वाटते, आणि १५० केबीपीएस त्या दाण्यांतच संपतात. म्हणून उजेड वाढवणे हा बिटरेट वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लवते, तेव्हा चित्रीकरण २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवावे, नाहीतर फळ्यावर सावलीचे पट्टे सरकताना दिसतात आणि त्यांचाही खर्च पडतो. फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण (एक्स्पोजर) आपोआप बदलू देऊ नये, कारण पांढरा सदरा फळ्यासमोर आला की अख्खा फळा काळवंडतो. बारीक चौकड्यांचा सदरा टाळावा. तासाआधी फळा ओल्या फडक्याने पुसावा, कोरड्या डस्टरने खडूची पांढरी धूळ नुसती पसरते आणि अक्षराचा उठाव जातो.

खालच्या दोन पायऱ्यांत फ्रेमचा वेग निम्मा, म्हणजे सेकंदाला १२.५ ठेवला तरी चालतो. हात किंचित झटक्याने हलताना दिसेल, पण अक्षर अधिक स्वच्छ येईल, आणि विद्यार्थी अक्षराकडेच पाहत असतो.

केवळ आवाजाच्या पायरीबद्दल एक भर घालतो. त्या वेळी पडदा काळा ठेवू नका. फळा पुसण्याआधी दर वेळी त्याचे एक छायाचित्र काढा आणि कोणत्या मिनिटाला कोणते छायाचित्र दाखवायचे याची छोटी यादी ॲपमध्ये द्या. तासात २५ छायाचित्रे आणि प्रत्येक ३० केबीचे धरले तर एक एमबीसुद्धा होत नाही. बोलणे अखंड आणि फळा स्थिर पण स्पष्ट, हे अडखळणाऱ्या व्हिडिओपेक्षा कितीतरी चांगले.

घाटमाथा

मी आपल्याच भागातला पालक आहे. मला तंत्रातले कळत नाही, पण एक गोष्ट सुचवतो. दिवसाचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता वाया जातो. आमच्याकडे बहुतेक दिवस रात्री साडेअकराला निम्मा पॅक तसाच पडून असतो, आणि त्या वेळी रेंजही बरी असते, कारण सगळे झोपलेले असतात. त्या वेळी दुसऱ्या दिवशीचा तास फोनमध्ये उतरवून ठेवता आला तर मुलांना बांधावर जावे लागणार नाही. पावसाळ्यात तिथे बसणे धोक्याचेही आहे.

प्रवाह_अभियंता

घाटमाथा यांची सूचना मला माझ्या उत्तरापेक्षा महत्त्वाची वाटते. मी 'प्रवाह' एवढाच विचार करत होतो. तासाचे तुकडे आधीच केलेले असले की तेच तुकडे उतरवूनही ठेवता येतात, आणि मध्येच रेंज गेली तर फक्त एकच तुकडा पुन्हा मागावा लागतो. ४० मिनिटांचे असे ४०० तुकडे होतात, त्यामुळे ३९० आले असतील तर काम फक्त दहाचे उरते. ॲपमध्ये "रात्री ११ नंतर उतरव" अशी एक खूण ठेवावी आणि उतरवण्यासाठी ३६०पी ही पायरी ठरवून द्यावी, म्हणजे १०० एमबीत काम होते. पाहून झालेला तास आपोआप काढून टाकण्याची सोयही द्यावी, कारण त्या फोनमध्ये जागेचीही टंचाई असते.

माझ्या आधीच्या उत्तरात एक दुरुस्ती करतो. अँड्रॉइड ॲपमध्ये व्हिडिओ चालवणारा एक्सोप्लेअर हा प्लेअर, मुख्य यादीत चित्र असलेल्या पायऱ्या दिसल्या की केवळ आवाजाची पायरी त्या यादीतून गाळून टाकतो. त्यामुळे वेग पडल्यावर तो आपणहून आवाजावर उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये. आवाजाची यादी वेगळी ठेवावी आणि ॲपने स्वतः तिच्याकडे वळावे. पडद्यावर "फक्त आवाज" असे मोठे बटणही द्यावे, म्हणजे डेटा वाचवायचा निर्णय विद्यार्थ्याच्या हातात राहील.

मोठ्या सेवांची तुलना आपण विचारली होती, म्हणून थोडक्यात लिहितो. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एका भारतीय सेवेवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षकांनी पाहिला. त्यांची अडचण गर्दीची असते आणि म्हणून त्यांना गावोगावच्या जवळ प्रती ठेवणारी प्रचंड वितरण जाळी लागतात. आपली अडचण विरळ पण कमकुवत जोडण्यांची आहे. एखादे साधे सीडीएन (अशाच वितरण जाळ्याची तयार सेवा) घ्यावे, तुकडे बदलत नाहीत म्हणून त्यांची साठवण दीर्घ मुदतीची ठेवावी, आणि सीडीएनमध्ये एचटीटीपी/३ ही डेटा पाठवण्याची नवी पद्धत चालू करावी, कारण जाण्यायेण्यात हरवणाऱ्या डेटाच्या पाकिटांचा परिणाम त्यात कमी होतो. टाळेबंदीच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, देशातल्या मोठ्या सेवांनीही मोबाइल नेटवर्कवरचे चित्र ४८०पीपर्यंतच ठेवण्याचे ठरवले होते. कमी दर्जा देण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

फळा_खडू

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

फास्टस्टार्ट त्याच रात्री केले. त्यानंतर बारा तास चार पायऱ्यांत रूपांतरित केले, आणि तीन तास मात्र नव्याने चित्रित केले, कारण जुन्या चित्रीकरणात फळ्यावर कुठे सतरा तर कुठे एकोणीस ओळी निघाल्या. खिडकीसमोर फळा फिरवून घेतला आणि दोन ट्यूब वाढवल्या. एकाच तासाच्या दोन्ही चित्रणांची २४०पी आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा जुन्यात वर्गसमीकरणातले ऋण चिन्ह खडूच्या डागासारखे दिसत होते आणि नव्यात ते स्पष्ट होते. बिटरेट दोन्हींचा तोच होता.

काल पुन्हा त्याच बांधावर गेलो. नव्याने चित्रित केलेला तास ६ सेकंदांत सुरू झाला आणि ४० मिनिटांत दोनदा थांबला, दोन्ही वेळा काही क्षणच. बहुतेक वेळ तो २४०पीवर होता, अधूनमधून ३६०पीवर चढत होता. मग मुद्दाम दिवसाचा डेटा संपवून "फक्त आवाज" लावून पाहिले. आवाज चालू राहिला, पण व्हॉट्सॲपवर कुणी छायाचित्रे पाठवली की तो अडखळत होता, तेव्हा ही पायरी २४ केबीपीएसवर आणावी असे वाटते. फळ्याची छायाचित्रे आम्ही तासाच्या सुरुवातीलाच एकत्र उतरवून घेतो, म्हणजे नंतर आवाजाच्या वाटेत ती येत नाहीत.

रात्री उतरवण्याची सोय अजून नीट बसलेली नाही. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी रात्री आमचे ॲपच बंद करतात आणि सकाळी पाहावे तर एकही तुकडा आलेला नसतो. सध्या आम्ही विद्यार्थ्यांना झोपण्याआधी ॲप उघडे ठेवून फोन चार्जिंगला लावायला सांगतो आहोत. अभियंता साहेब, यावर ॲपमध्येच काही उपाय असेल तर सांगावा. त्रिकोणमितीचे पुढचे चार तास सोमवारपासून चित्रित करायचे आहेत आणि ते याच पद्धतीने द्यायचा विचार आहे.